थोरले महाराज, नदीकाठ आणि माझी भामरागडची दोन वर्षं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं आपल्या मंदिराची मंडळी गेली दोन-तीन वर्षं मला सांगत होती. मी टाळत होतो. जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस, शिक्षण बी.कॉम., लिहिणं म्हणजे व्हाउचर आणि लेजर. पण यंदा नाही म्हणवलं नाही. प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामीमहाराज, म्हणजे आपले थोरले महाराज, यांचं एक ऋण माझ्या अंगावर आहे. साठी उलटल्यापासून वाटतं, ते कुठेतरी लिहून ठेवावं.

महाराजांचं चरित्र आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. त्यांचे ग्रंथ, स्तोत्रं, त्यांनी लोकांची केलेली संकटं दूर, यावर अधिकारी माणसांनी लिहिलेलं आहे. मी त्यात पडत नाही. मला जे महाराज कळले ते पायी चालणारे, पहाटे नदीत उतरणारे, पावसाचे चार महिने एका जागी थांबणारे. आणि ते कळले भामरागडला.

तर झालं असं. १९९४ सालचा मार्च. मी एका शाखेत कॅशवर होतो. वर्षअखेरीची गर्दी तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी रोकड जुळवायला बसलो तर १०,००० रुपये कमी. शंभराच्या नोटांचं अख्खं एक पॅकेट. रात्री दहापर्यंत चौघांनी चार वेळा मोजलं. नाही ते नाहीच. रिवाजाप्रमाणे कॅशियरनं तूट भरायची. पतसंस्थेचं कर्ज काढलं, भरली. खात्यावर तूट मिटली. पण डोक्यातली मिटेना. कोणी तोंडावर काही बोललं नाही, तरी चहाच्या वेळी मी गेलो की बोलणं थांबायचं. रात्री झोपेत माझी बोटं नोटा मोजत, असं सौ. सांगायची. छातीत धडधड, हातापायाला घाम. डॉक्टर म्हणाले हृदय चांगलं आहे, काळजी सोडा. काळजी सोडा म्हणणं किती सोपं!

दोन-तीन महिन्यांत भामरागडला डेप्युटेशन आलं. शिक्षा नाही, तिथे माणूस कमी आहे, असं सांगण्यात आलं. मी काय समजायचं ते समजलो. सौ. आणि पाच वर्षांची मुलगी चंद्रपूरला, आईजवळ. निघताना आईनं पिशवीत थोरल्या महाराजांचं चरित्र घातलं. रोज थोडं वाच, एवढंच बोलली.

बल्लारपूर, गोंडपिपरी करत एसटी आष्टीला आली की वैनगंगा ओलांडते. पुढे आलापल्ली, आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटर साग, बांबू, मोह, तेंदू. हेमलकसा आलं की लोक बिरादरी प्रकल्पाची वस्ती, जिथे १९७३ साली बाबा आमट्यांनी काम सुरू केलं आणि पुढे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमट्यांनी ते वाढवलं. मग पर्लकोटा नदी, तिच्यावरचा ठेंगणा पूल, आणि पलीकडे भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे भेटतात. पलीकडच्या काठाला छत्तीसगड, तेव्हा तो मध्य प्रदेश होता. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. त्या काळी भामरागडचं नाव काढलं की नातेवाईक घाबरत. मीही घाबरूनच गेलो होतो.

शाखेत आम्ही मोजके लोक. संध्याकाळी पाच वाजले की करायला काही नाही. कंदिलाजवळ बसून मी चरित्र उघडलं.

महाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी कोकणातल्या माणगावचा. आज ते गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यात येतं. वडील गणेशभट्ट टेंबे, आई रमाबाई. वडील दत्तभक्त, गाणगापूरला त्यांची सेवा. आजोबा हरिभट्टांकडे मुलाचं सुरुवातीचं शिक्षण झालं. आठव्या वर्षी मुंज, मग वेदाध्ययन. माणगाव म्हणजे डोंगर, झाडी, ओढे. महाराज ध्यानाला बसत ती गुहा गावाजवळच्या डोंगरात आजही दाखवतात. घरची श्रीमंती नाही. भिक्षुकी, ज्योतिष, गावातल्या आजारी माणसाला औषधपाणी, असा गृहस्थी ब्राह्मणाचा संसार. अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. मग नरसोबावाडीला जाणं-येणं सुरू झालं, तिथे गोविंदस्वामींचं मार्गदर्शन मिळालं. वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम. तेव्हाच माझ्या मनात आलं, आपले दत्तप्रभू संगम का बरं शोधतात? वाडीला संगम, गाणगापूरला भीमा-अमरजेचा संगम. आणि मी बसलोय तिथे तर तीन नद्या.

१८८३ साली महाराजांनी माणगावला दत्तमंदिर उभं केलं. लोकांची रीघ लागली. आपण संसारी माणसं अशा वेळी काय करू? पाय रोवू. मंदिर वाढवू, शेजारी धर्मशाळा बांधू. सुमारे सात वर्षांनी दत्तप्रभूंची आज्ञा झाली आणि महाराज पत्नीसह गाव सोडून निघाले. उभं केलेलं सगळं तिथेच ठेवून.

पुढचं वाचताना मी थांबलो होतो. वाडीला अपत्य झालं ते जगलं नाही. फिरत फिरत दोघं गोदावरीकाठी गंगाखेडला आले. संत जनाबाईंचं हे गाव. तिथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाई महामारीनं गेल्या. ज्या बाईनं परक्या मुलखात पायी साथ दिली, ती वाटेत गेली. उत्तरकार्य उरकून महाराजांनी तिथेच गोदावरीकाठी संन्यास घेतला. मग उज्जैनला श्री नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि वासुदेवशास्त्र्यांचे वासुदेवानंद सरस्वती झाले. वय ३६ वर्षं. माझंही वय तेव्हा तेवढंच होतं, एखाददुसरं वर्ष कमी. माझं गेलं होतं नोटांचं एक पॅकेट.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते सांगतो. त्या रात्रीही मला महाराजांच्या दुःखापेक्षा माझंच पॅकेट मोठं वाटलं.

आमच्या शाखेत एक माडिया शिपाईदादा होते. पन्नाशीचे. सकाळी जोहार करून कामाला लागायचे, बोलणं कमी. मला झोप येत नाही हे त्यांनी ओळखलं असावं. एके दिवशी पहाटे स्वतःहून मला संगमावर घेऊन गेले. कुठे बसायचं, कुठल्या खडकापुढे पाण्यात उतरायचं नाही, चप्पल घालण्याआधी झटकायची, हे दाखवलं. रानवाटेनं जाताना ते मध्येच थांबायचे. वानरं ओरडली की थांबायचं. सगळं एकदम गप्प झालं तरी थांबायचं. मला वाटायचं, यांना काहीतरी दैवी ऐकू येतं. तसं काही नव्हतं. रानात लक्ष नसेल तर साप, अस्वल, काहीही असू शकतं, एवढा साधा हिशोब. पण हा हिशोब पाळणाऱ्याला मागच्या मार्चअखेरची तूट आठवायला फुरसत नसते, हे मला त्यांच्यामागून चालताना कळलं. पाऊल कुठे पडतंय हे बघावंच लागतं.

मग मी महाराजांचं पुढचं चरित्र वेगळ्या नजरेनं वाचू लागलो.

१८९१ पासून १९१३ पर्यंत महाराजांचे २३ चातुर्मास झाले. आठ महिने चालायचं आणि पावसाळ्यात थांबायचं, हा संन्याशाचा नियम. पावसात जमिनीवर कोंब फुटतात, किडा-मुंगी बाहेर येते, ती पायाखाली येऊ नये म्हणून थांबायचं. उज्जैन, कानपूरजवळचं ब्रह्मावर्त, हिमालयात बदरी-केदार, पश्चिमेला द्वारका, दक्षिणेला तंजावर. हा सगळा प्रवास पायी आणि अनवाणी. तोवर देशभर आगगाडी सुरू झाली होती, पण महाराज वाहनात बसले नाहीत. जवळ दंड, कमंडलू, छाटी, पूजेची दत्तमूर्ती आणि पोथ्या. पैशाला स्पर्श नाही. दिवसभर नोटा मोजणारा मी, रात्री अशा माणसाचं चरित्र वाचत होतो!

आणि शरीर काही साथ देत नव्हतं, हेही ध्यानात घ्या. संग्रहणीचा विकार वर्षानुवर्षं मागे लागलेला. त्यात मिळेल ती भिक्षा, तीही अनेकदा थोडी. अंगावर कोडही होतं. दुसऱ्यांचे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करणाऱ्या, औषध सांगणाऱ्या महाराजांनी स्वतःचा आजार सोबतीसारखा वागवला. तो गेला नाही. तो गेला नाही म्हणून पहाटेचं स्नान चुकलं नाही, जप चुकला नाही, लिहिणं थांबलं नाही. दत्तपुराण, सप्तशती गुरुचरित्रसार, करुणात्रिपदी, हे सगळं या आजारी शरीरानं, नदीकाठी बसून लिहिलेलं आहे. करुणात्रिपदी १९०५ ची, नरसोबावाडीची.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगतो. महाराज निसर्ग बघायला म्हणून चालत नव्हते. हवापालटाला गेले नव्हते. ते नियम पाळत होते. पण नियमच असा की तो माणसाला रोज उजाडण्याआधी नदीत उभा करतो, सूर्याकडे तोंड करून बसवतो, झाडाखाली झोपवतो आणि पाऊस आला की थांबवतो. शांती मिळवायची असं ठरवून ती मिळत नाही. नियम धरला की ती मागून येते, व्याजासारखी. मुद्दल रोज भरावं लागतं.

नर्मदेच्या शूलपाणीच्या झाडीत महाराजांची वाट चुकली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दाट अरण्य, माणूस नाही. तेव्हा एक उंचापुरा पुरुष पुढे आला, काही न बोलता वाट दाखवत चालू लागला आणि वस्ती जवळ येताच थांबला. महाराजांनी आग्रहानं विचारलं तेव्हा आपण अश्वत्थामा असल्याचं त्यानं सांगितलं, असं भक्तमंडळी सांगतात. वाट चुकल्यावर महाराज घाबरून सैरावैरा धावले, असं त्या कथेत कुठेही येत नाही. ते नामस्मरण करत राहिले आणि जो पुढे चालला त्याच्या मागे गेले. मी आपला शिपाईदादांच्या मागे.

मग मीही एक नियम केला. पहाटे अर्धा तास संगमावर बसायचं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, ते आपल्याला माहीत आहेत. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी असे. रोज एक गुरू घ्यायचा आणि तेवढंच बघायचं. पाण्याचा दिवस असेल तर फक्त पाणी. वाऱ्याचा असेल तर बांबूत वारा कसा शिरतो ते ऐकायचं. पहिले पंधरा दिवस काही जमलं नाही. पाणी बघता बघता पॅकेट दिसायचं. उठावंसं वाटायचं. पण अर्धा तास म्हणजे अर्धा तास, मग पाणी दिसो की पॅकेट दिसो. बँकेत आम्हाला एक सवय असते, वेळ झाल्याशिवाय काउंटर बंद करायचा नाही. ती इथे कामी आली.

हिवाळ्यात एक दिवस बसलो होतो. एका घारीनं पाण्यातून मासा उचलला. लगेच चार कावळे आणि दुसरी एक घार तिच्या मागे लागली. वर, खाली, या काठावरून त्या काठावर. शेवटी तिनं मासा सोडला. सगळे माशाच्या मागे गेले आणि ती जाऊन झाडावर बसली. पंख आवरले, बस्स. अवधूताचा कुरर पक्षी, ज्याला कोणी टिटवी म्हणतं, कोणी घार, तो मी पोथीत दहा वेळा वाचला असेल. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. माझ्या मागे कोण लागलं होतं? मीच तोंडात धरून ठेवलं होतं ते. ज्यांनी संशय घेतला असेल ते कधीच विसरून आपापल्या कामाला लागले असतील. त्या दिवशी रात्री मी सलग झोपलो. अगदी सगळं सुटलं असं नाही. पण झोप आली.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली. १९९५ चा तो पाऊस. संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरनं चिठ्ठी आणून दिली. मुलीला मोठा ताप, दवाखान्यात ठेवलंय, जमल्यास यावे. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं म्हणून पिशवी भरली. रात्रीत पर्लकोटेला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. भामरागडचा रस्ता बंद. फोन नाही. पाच दिवस.

पहिल्या दिवशी मी दर तासाला पुलापर्यंत जाऊन पाणी किती ते बघत होतो. दुसऱ्या दिवशीही पाणी तेवढंच. मग शिपाईदादांनी मला काठावरच्या उंच खडकाशी नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिले. मी चरित्र बरोबर घेतलं होतं. वाचायचा भाग आला तो कुरवपूरचा.

१९११ चा चातुर्मास महाराजांनी कुरवपूरला केला. श्रीपाद श्रीवल्लभांचं हे स्थान कृष्णेच्या पात्रात बेटावर आहे. पावसाळ्यात चहूकडून पाणी. पैलतीरी जायचं तर होडी हवी आणि होडी चालवणाऱ्याची हिंमत हवी. तिथे महाराजांनी घोरकष्टोद्धरण स्तोत्र रचलं. आपण ते आपापल्या अडचणींत रोज म्हणतो. ते पुरानं वेढलेल्या बेटावरचं आहे, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मी त्या पाच दिवसांत ते किती वेळा म्हटलं, मोजलं नाही. मोजणाऱ्या माणसानं मोजलं नाही, यात सगळं आलं.

पाणी बघत बसलो. अवधूताचा समुद्र गुरू आठवला, जो पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. समोर इंद्रावती तांबडी होऊन चालली होती. मुलगी बरी होईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. भीती होतीच. पण छातीतली धडधड, घाम, डोळ्यांपुढे अंधार, हे काही झालं नाही. जेवलो, झोपलो, शाखा उघडली, गावातल्या लोकांची कामं केली. सहाव्या दिवशी पूल मोकळा झाला, मी चंद्रपूरला पोचलो. मुलगी बसून पेज खात होती. मलेरिया होता. देवाची कृपा, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांची.

त्या परतीच्या वाटेवर आष्टीला वैनगंगा लागली, तेव्हा मला आणखी एक गोष्ट जाणवली. १९०९ चा महाराजांचा चातुर्मास आपल्या विदर्भात, पवनीला झाला होता. पवनी भंडारा जिल्ह्यात, याच वैनगंगेच्या काठी. ज्या पाण्यात महाराज चार महिने स्नान करत होते ते पाणी आष्टीवरून खाली येतं, वर्धेला मिळून प्राणहिता होतं आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जातं. माझ्या संगमाची इंद्रावतीही थोडं पुढे सोमनूरजवळ गोदावरीलाच मिळते. आणि त्या गोदावरीच्या वरच्या अंगाला गंगाखेड आहे, जिथे अन्नपूर्णाबाई गेल्या आणि महाराजांनी संन्यास घेतला. आपापली दुःखं वेगळी, पाणी शेवटी एकच. एसटीच्या खिडकीत मला रडू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, आणि बरं वाटलं.

महाराज शेवटी नर्मदेकाठी गरुडेश्वरला राहिले. १९१३ चा तेविसावा चातुर्मास तिथलाच. आज तिथे मोठं स्थान आहे, रस्ते आहेत. त्या वेळी आजूबाजूला रानच होतं. शरीर थकलं होतं, संग्रहणी होतीच. तरी स्नान, पूजा, आलेल्याशी बोलणं चालू. आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६, २४ जून १९१४ रोजी महाराज समाधिस्थ झाले. वयाचं साठावं वर्ष चालू होतं. पुढे त्यांचे शिष्य रंगावधूत महाराजही नर्मदेच्या काठी नारेश्वरच्या निर्जन झाडीतच राहिले. नदी आणि झाड, ही आपल्या परंपरेची जणू वंशपरंपरागत इस्टेटच म्हणा.

अलीकडे माझ्या मुलीनं (तीच, पेज खाणारी) मला सांगितलं की जपानात यालाच वनस्नान म्हणतात. १९८२ साली तिथल्या सरकारी वनखात्यानं शिनरिन-योकू हे नाव दिलं. नदीत उतरायचं नाही, झाडीत उतरायचं. हळू चालायचं, वास घ्यायचा, ऐकायचं, कुठे पोचायची घाई करायची नाही. तिथल्या शास्त्रज्ञांनी २४ जंगलांत प्रयोग करून पाहिले. शहरात चालणाऱ्यांपेक्षा झाडीत चालणाऱ्यांची नाडी, रक्तदाब आणि अंगातलं ताणाचं कॉर्टिसॉल कमी आढळलं. इंग्लंडमध्ये २०१९ साली सुमारे २० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोन तास झाडापाण्यात घालवणारे, तसं न करणाऱ्यांपेक्षा आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. आठवड्याला दोन तास म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटं. आपल्या औदुंबराच्या प्रदक्षिणेला याहून जास्त वेळ लागतो.

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एक, रान म्हणजे जंगलातच जायला हवं असं नाही. उलट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे एकट्यानं जंगलात जाऊ नका, वाघ आहे, आणि त्याला आपली भक्ती कळत नाही. मंदिरातला औदुंबर, तलावाचा काठ, घरामागचा कडुनिंब पुरे. दोन, मोबाईल घरी ठेवा. स्तोत्रसुद्धा मोबाईलवर लावू नका, तोंडानं म्हणा, नाहीतर गप्प बसा. तीन, चोवीस गुरूंमधला रोज एक घ्या. चोवीस दिवसांनी पुन्हा पहिला. पृथ्वी दर वेळी नवी दिसते, हा माझा अनुभव आहे. चार, डॉक्टरांची गोळी बंद करू नका. मलाही रक्तदाबाची गोळी आहे. सकाळी संगमाची आठवण काढतो आणि गोळीही घेतो.

पाय दुखतात, चालवत नाही असं कोणी म्हणेल. बसा. बसण्याचाही नियम होतो. महाराज आठ महिने चालले तसे चार महिने थांबलेही. आपलं वय म्हणजे चातुर्मासच समजायचा. थांबायचं, आणि पायाखाली कुठला कोंब येत नाही ना, एवढं बघायचं. घरातली सुना-नातवंडंही कोंबच आहेत.

१९९६ ला मी भामरागडहून परत आलो. निघताना शिपाईदादांनी मोहाची फुलं सुकवून दिली होती. पुढे बदल्या झाल्या, बढतीची संधी आली, मी क्लार्कच राहिलो, निवृत्त झालो. ते १०,००० रुपयांचं पॅकेट आजपर्यंत सापडलेलं नाही. कोणाकडे गेलं, माझ्या हातून कोणाला जास्त दिलं गेलं, देव जाणे. पूर्वी वाटायचं, ते सापडलं तरच मी सुटेन. महाराजांची संग्रहणी गेली नाही, माझी तूट सापडली नाही. पण महाराज चालत राहिले, आणि त्यांच्या मागून मीही आपल्या बेताबेतानं चाललो.

रोज पहाटे मंदिरात औदुंबराखाली जी खुर्ची दिसते ती माझी. कोणीही येऊन शेजारी बसावं. बोलायचं मात्र अर्ध्या तासानंतर.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त.